चोच कापली त्याची गोष्ट

मी एक घडीचा चाकू बोलतोय, आणि आधीच सांगून ठेवतो, आज मी थोडी फुशारकी मारणार आहे. दिवसच तसा आहे.

माझं पातं चार बोटं लांब. मूठ लाकडाची, आणि तिच्या टोकाला पोपटाच्या चोचीसारखा बाक. त्या चोचीचा मला कोण गर्व होता! नर्सरीत कलमं बांधणाऱ्या आत्याबाईंनी मला तीस वर्षं वापरलं. त्यांच्या एप्रनचा खिसा इतका ऐसपैस, की त्यात मी, सुतळीचा गुंडा आणि जेवणाचा डबा सुखानं नांदायचो. पुढे त्यांचे गुडघे कुरकुरू लागले, तेव्हा त्यांनी मला भाचीच्या हातात ठेवलं. म्हणाल्या, "जप याला."

भाचीही त्याच नर्सरीत कलमं बांधते, पण ती पॅन्ट घालते आणि पॅन्टचा खिसा चिमुकला. ती वाफ्यात उकिडवी बसली की माझी चोच तिच्या मांडीत रुतायची, उठली की खिशाची शिवण उसवायची. शेवटी ती मला मातीवर ठेवून काम करू लागली. तिथून मी तीनदा हरवलो. तिसऱ्या खेपेला तर दोन दिवस ओल्या पाल्याखाली गंजत पडलो होतो. मग माझी रवानगी ड्रॉवरमध्ये झाली आणि तिच्या हाती प्लास्टिकचा कटर आला.

कटरनं काप सरळ येत नाही, साल चेंगरते. तिची निम्मी कलमं वाळली. मुकादम म्हणाला, "आता पुढची शंभर बघतो. ऐंशी जगली नाहीत, तर कलमं बंद. तू पाणी घालायला."

त्याच दुपारी तिनं मला ड्रॉवरमधून काढलं आणि सोबत करवतही. "आत्याला कळलं तर माझी सालटी काढेल," असं पुटपुटत तिनं माझी चोच उडवली. मी मनातल्या मनात बोंब मारली, पण ऐकतो कोण? मग कानस आली, पॉलिश पेपर आला. माझे फुगलेले गाल सपाट झाले, कडा गोल झाल्या. तिनं मोठ्या हौसेनं मला मिटलं, तर काय, पात्याचं टोक मुठीबाहेर डोकावत होतं. जरा जास्तच कापलं होतं तिनं. आधी नुसता खिसा फाटत होता, आता मांडी फाटणार होती. ती रडायलाच लागली. आम्ही दोघंही कामातून गेलो, असंच मला वाटलं.

आणि नेमक्या तेव्हाच आत्याबाई दारात.

"आत्या, चुकलं माझं," भाची म्हणाली. "पण खिशात राहतच नव्हता गं हा."

आत्याबाईंनी मला डोळ्यांजवळ धरून उलटसुलट पाहिलं. "मेला मलाही तीस वर्षं टोचला," त्या म्हणाल्या. "म्हणून तर एप्रनला एवढा खिसा शिवला. मूठ कापायचं काही सुचलं नाही."

माझ्या गर्वाची हवाच गेली. पण त्या पुढे म्हणाल्या, "रडू नकोस. धारेला हात लावू नको. टोकाची पाठ घास, आपोआप आत जाईल."

तिनं घासली, आणि मी मिटलो, अगदी ओठांसारखा.

दुसऱ्या दिवसापासून मी तिच्या खिशात आहे. ती बसते, उठते, वाकते, मी जागचा हलत नाही. दोन बोटांनी बाहेर, एक काप, पुन्हा आत. अशी शंभर कलमं आम्ही बांधली. आज, महिन्याभरानं, मुकादमानं रांगेत फिरून जगलेली मोजली. विश्वास बसेना, म्हणून पुन्हा मोजली. ब्याण्णव फुटली होती!

"बघू तो चाकू," तो म्हणाला.

"लांबूनच बघा," भाची म्हणाली आणि तिनं मला खिशात टाकलं.

तुमच्याही ड्रॉवरमध्ये जपून ठेवलेलं, पण हाताला अडचणीचं काही असेल, तर त्याला कानस लावायला भिऊ नका. थोडं दुखतं, पण काम मिळतं.

आणि माझी चोच? ती आत्याबाईंच्या किल्ल्यांना लटकते. येणाऱ्याजाणाऱ्याला त्या ती दाखवतात आणि सांगतात, "आमच्या पोरीनं कापली."