पडल्यानंतरचं

"ताई, अजून म्हातारी हवी. ही पन्नाशीतली बाई चालतेय," दिग्दर्शिका माइकवरून म्हणाली.

"पन्नाशीतलीच आहे मी," ती म्हणाली. काचेपलीकडे हशा पिकला.

अंगाला घट्ट बसणारा काळा पोशाख आणि त्यावर डोक्यापासून टाचेपर्यंत चिकटवलेल्या चमकत्या गोट्या. भिंतींवरचे कॅमेरे तेवढ्या गोट्या टिपायचे आणि समोरच्या पडद्यावर एक करडी, बिनचेहऱ्याची आकृती तिच्याबरोबर हलायची. एके काळी ती रंगमंचावर नाचायची. गुडघे कुरकुरायला लागले तशी ती या व्हिडिओ गेमच्या कामात शिरली. आजवर तिच्या हालचालींवर कितीतरी सैनिक चालले होते, चोर पळाले होते, एक अस्वलसुद्धा डुलत गेलं होतं.

आज मात्र जमत नव्हतं. कंबर वाकवून झाली, हात थरथरवून झाले. सगळं नाटकी. दिग्दर्शिकेचा पाय टेबलाखाली सारखा हलत होता. शेवटी वैतागून, फारसा विचार न करता, ती आपल्या आईसारखी चालली. उजवा पाय पुढे, डावा मागून फरफटत. डावा हात पोटाशी. वळताना आधी मान, मग खांदे, मग उरलेली बाई.

"हेच!" दिग्दर्शिका ओरडली. "इतका वेळ कुठे लपवून ठेवलं होतंत?"

घरी जाताना तिला मात्र चोरी केल्यासारखं वाटत राहिलं.

काही आठवड्यांनी दुसऱ्या कामासाठी गेली, तेव्हा ती चाचणीच्या खोलीत डोकावली. तिथे एक दाढीवाला दिवसभर गेम खेळून त्यातल्या चुका शोधायचा. पडद्यावर बाजार भरला होता आणि गर्दीतून आई चालली होती. चेहरा परका, कपडे परके, चाल आईची.

"ही बघा तुमची म्हातारी! सगळ्यांची लाडकी झालीय," दाढीवाला खुशीत म्हणाला आणि त्याने बटण दाबलं.

पडद्यावरच्या नायकाने म्हातारीला ढकललं. ती पायऱ्यांवरून गडगडत गेली आणि खाली पडून राहिली. शेजारच्या टेबलावरचे दोघे फिदीफिदी हसले.

"उठत नाही ती?" तिने विचारलं.

"उठायचं कुणी रेकॉर्डच केलं नाहीये. थोड्या वेळाने आपोआप गायब होते."

त्या संध्याकाळी तिचं कशातच मन लागेना. दूध गॅसवर ठेवलं आणि विसरली. घडी केलेले कपडे उलगडून पुन्हा घड्या घालायला बसली, मग अर्ध्यातच उठून खिडकीशी गेली.

"पायाला भिंगरी लागलीय का गं?" खुर्चीतून आई म्हणाली. "बस की जरा."

ती बसली नाही. उभ्यानेच म्हणाली, "आई, तुझी चाल मी एका गेमला दिली. तुला न विचारता."

"दे की. मला तरी कुठे धड वापरता येतेय?"

"पण ते तुला ढकलतात गं तिथे. पायऱ्यांवरून. आणि हसतात."

"आणि मग मी काय करते?"

"पडून राहतेस."

"मग चुकलंय त्यांचं," आई म्हणाली. "मी कधी पडून राहिलेय?"

सकाळी दिग्दर्शिका यायच्या आधीच ती स्टुडिओच्या दाराशी येरझाऱ्या घालत होती.

"मला उठणं रेकॉर्ड करायचंय. त्या म्हातारीचं."

"ताई, आता? सगळं गुंडाळत आणलंय आम्ही. आणि उठली तर लोक पुन्हा ढकलतील."

"ढकलू देत. ती पुन्हा उठेल."

दिग्दर्शिकेने घड्याळाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "एकदाच हं."

ती जमिनीवर आडवी झाली. कुशीवर वळली. उजवं कोपर टेकलं, गुडघा पोटाखाली ओढून घेतला. डावी बाजू मुद्दाम लाकडासारखी ठेवायची होती आणि त्यात तिचा स्वतःचा गुडघा कटकन वाजला. तोंडातून कण्हणं निसटलं. दिग्दर्शिका काचेमागून धावत आली आणि वाकून तिने हात पुढे केला.

"नको," ती खालूनच म्हणाली. "आमची आई हात घेत नाही."

दिग्दर्शिकेने हात मागे घेतला, पण ती तिथून हलली नाही. पडद्यावर करडी आकृती एका कोपरावर टेकून श्वास घेत होती. मग तिने मान वर केली.