राखलेली धमनी

सासऱ्यांनी गिळलेला घास परत वर आला, तेव्हा सुनेनं वाटी बरोबर त्यांच्या हनुवटीखाली धरली. सकाळी दुधात कुस्करून दिलेला पाव होता तो. आता तो ना पाव राहिला होता ना दूध. आंबूस वासाचा, तार सुटलेला पांढरट गोळा वाटीच्या काठावरून घसरला आणि तिच्या अंगठ्यावर येऊन टेकला. कोमट होता. तिनं हात हलवला नाही. चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलू दिली नाही.

"झालं?"

सासऱ्यांनी मान हलवली. जोर लागून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ओठाला एक धागा लोंबत होता, तो तिनं रुमालाने टिपला. त्यांनी वाटीकडे पाहिलं नाही. ते तिच्या तोंडाकडे बघत राहिले. हल्ली ते असंच बघत. सराफानं सोनं निरखावं तसं.

नवरा दारात उभा होता, पण तोंड बाहेर करून.

"मी दुकान उघडायला जातो," तो म्हणाला. "मला नाही बघवत. तुझं एक बरं आहे, तुला काही वाटत नाही."

ती न्हाणीघरात गेली, कडी लावली आणि नळ पूर्ण सोडला. पाण्याच्या आवाजात ओकारीचा आवाज बाहेर जात नाही, हे तिला आता पाठ झालं होतं. शेवटी नुसतं कडू पाणी पडलं. मग तिनं कोपरापर्यंत साबण लावला, अंगठा नखाच्या मुळापर्यंत घासला, तोंड पुसलं आणि नेहमीचा चेहरा लावून बाहेर आली.

ती वैद्यकीय महाविद्यालयात शरीररचना शिकवायची. एवढं सांगितलं की लोकांचा तिच्याबद्दलचा विचार तिथेच संपायचा. मढी फाडणारी बाई. हिला कसली आलीय किळस? सासऱ्यांचं आजारपण आलं तेव्हा कुणी काय करायचं याची चर्चाच झाली नाही. नणंदेनं फोनवर सांगून टाकलं, "वहिनी, मला तर नुसतं ऐकूनच कसंतरी होतं. तुझं पोट लोखंडाचं. तुलाच जमेल ते." नणंद वाईट नव्हती. तिला खरंच तसं वाटत होतं.

खरी गोष्ट उलटी होती, आणि ती कुणाला सांगण्यासारखी नव्हती. मेलेल्या माणसाची तिला कधीच किळस आली नव्हती. टेबलावरचा देह थंड असतो, धुतलेला असतो, त्याला औषधाचा एकच एक वास असतो आणि तो आपल्या हातांवर काही करत नाही. जिवंत शरीर मात्र थांबत नाही. ते घाम सोडतं, लाळ सोडतं, ढेकर देतं. सासऱ्यांच्या खोलीत शिरताना तिला रोज वाटायचं, आज मी ओरडणार. आणि रोज ती तोंडावर वर्गातला चेहरा घालून आत जायची. हा चेहरा तिनं पहिल्या नोकरीत कमावला होता. बाईमाणसानं नाक मुरडलं की विद्यार्थी हसतात, म्हणून.

सासरे स्वतः आयुष्यभर स्वच्छतेचे भोक्ते. कपडे धुण्याचं, डाग काढण्याचं दुकान त्यांनी उभं केलं होतं. लोकांच्या घामेजलेल्या कॉलरी, आजाऱ्यांच्या चादरी, लग्नाच्या कपड्यांवर सांडलेलं तेल, सगळं त्यांच्या हाताखालून जायचं; पण पायातला काटा काढावा तसा डाग काढायचे आणि मग वाफ निघेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवायचे. ही सून म्हणून घरात आली, तेव्हा ते तिच्याशी कधी वाकडं बोलले नाहीत. फक्त तिच्या हातचं खाल्लं नाही. "आज भूक नाही गं," म्हणायचे. "मी आपलं फळ खातो." सोलायचं फळ, आणि तेही स्वतः सोलून. पुष्कळ दिवसांनी तिच्या लक्षात आलं की भूक नसते ती तिनं स्वयंपाक केला त्याच दिवशी. तिचा कॉलेजचा कोटही दुकानात कधी धुतला गेला नाही. घरचंच दुकान, पण तो कोट ती अंगणात वेगळ्या बादलीत धुवायची. कुणी तसं सांगितलं नव्हतं. काही गोष्टी न सांगता कळतात.

आता त्याच हातांनी ती त्यांना भरवत होती. दैवाची थट्टा म्हणायची, पण हसू कुणालाच येत नव्हतं.

अन्ननलिकेत गाठ निघाली होती. शल्यचिकित्सकानं रोगट अन्ननलिका काढून टाकली आणि तिच्या जागी जठरच नळीसारखं करून छातीतून वर ओढलं, थेट मानेपर्यंत. त्यामुळे घास पोटात जायचा तो आता छातीतच थांबायचा, आणि थोडं वाकलं की परत यायचा. शस्त्रक्रिया उत्तम झाली होती. तरी सासरे वाळत चालले होते. दंडाची कातडी रिकाम्या बाहीसारखी लोंबायला लागली होती. मागच्या खेपेला शल्यचिकित्सक म्हणाला होता, "आतून सगळं छान आहे. खात का नाहीत, तेवढं बघा. नाहीतर आतड्यात नळी घालून त्यातून अन्न द्यावं लागेल. आणि या वयात एकदा नळी लागली, की..." पुढचं त्यानं बोलून दाखवलं नाही.

त्या दिवशी वर्गात नेमका जठराचा रक्तपुरवठा होता. तिनं टेबलावरच्या देहाचं जठर दोन बोटांनी उचललं आणि मुलांना कडा दाखवल्या.

"ही वरची लहान कड, ही खालची मोठी. दोन्ही कडांनी धमन्या आहेत, डावीकडून आलेल्या आणि उजवीकडून आलेल्या, आणि मध्ये त्या एकमेकींना मिळतात. म्हणून जठर सहजासहजी मरत नाही. एकीनं हात आखडला तर दुसरी देते."

"सगळ्या कापल्या तर?" एका मुलीनं विचारलं. तिनं ओढणी नाकावर धरली होती.

"सगळ्या कापल्या तर सडेल. पण ही एक राखली," तिनं मोठ्या कडेनं उजवीकडून येणारी बारीक धमनी चिमट्याने उचलली, "तरी पुष्कळदा भागतं."

"मॅडम, तुम्हाला कधी किळस येत नाही?"

"पगाराच्या दिवशी अजिबात येत नाही," ती म्हणाली. मुलं हसली. हे तिचं ठरलेलं उत्तर होतं.

घरी आली तर सासऱ्यांच्या खोलीत वास भरला होता. वास तसा आठवडाभर होताच, पण तो त्यांच्या तोंडाचा, असं धरून ती चालली होती. आज मात्र तो कपाटाच्या बाजूनं येत होता. मुंग्यांची एक ओळ भिंतीवरून उतरून कपाटाच्या खालच्या फटीत शिरत होती. तिनं कप्पा ओढला.

आत हातरुमालांच्या घडीमागे वर्तमानपत्राच्या पुड्या होत्या. एक ओली पुडी हातातच फाटली. चावलेल्या बटाट्याचा लगदा, त्यावर राखाडी केस उगवावेत तशी बुरशी. दुसऱ्या पुडीत हिरवट झालेला पाव. तिसरीतलं काय होतं ते ओळखू येत नव्हतं. ते हलत होतं. तिच्या घशाशी सगळं आलं. पण सासरे खुर्चीत बसून बघत होते, म्हणून तिनं श्वास रोखला, एकेक पुडी उचलून बादलीत टाकली, कप्पा बाहेर काढला, घासला, पुसला, उन्हात नेऊन ठेवला. डोळा लवला नाही तिचा.

मग येऊन त्यांच्यासमोर स्टुलावर बसली.

"बाबा, तुम्ही गिळतच नव्हता? तोंडात धरायचात आणि मी वळले की..."

"सगळंच नाही."

"का पण?"

सासरे बराच वेळ गुडघ्यावरची घडी सारखी करत राहिले.

"तो सर्जन तुला बाहेर सांगत होता, ते ऐकलं मी. त्याला वाटलं होतं मी झोपलोय. जठराच्या बाकीच्या नसा कापल्या म्हणाला. एकीवर आहे म्हणाला. ती गेली तर सडेल म्हणाला."

"गेली नाही ती. म्हणून तर तुम्ही..."

"मला वास येतो गं." ते हळूच म्हणाले. "आतून. मी आयुष्यभर वास ओळखलेत. सडलेल्या पिशवीत अन्न कशाला भरायचं? लपवलं ते चुकलं. पण तुला सांगून काय होणार होतं?"

तिनं त्यांना समजावलं. आंबलेल्या अन्नाचा वास वेगळा आणि सडलेल्या मांसाचा वेगळा, दुर्बिणीतून पाहिलंय, आत गुलाबी आहे, सगळं सांगितलं. ते मान हलवत होते. कापड आटणार नाही असं सांगणाऱ्या व्यापाऱ्यापुढे गिऱ्हाईक हलवतं तशी.

"तुम्ही माझ्याबरोबर चला," ती शेवटी म्हणाली. "डोळ्यांनी बघा."

हे म्हणताना तिला खात्री होती की ते नाही म्हणतील. तिच्या कॉलेजच्या फाटकाच्या आतही ते कधी आले नव्हते. ते म्हणाले, "सुट्टीच्या दिवशी ने. माणसं नकोत."

रविवारी विभागात शुकशुकाट होता. प्रमुखांना तिनं आधी विचारून ठेवलं होतं. सासऱ्यांनी नाकावर रुमाल धरला होता आणि भिंतीला, दाराला, कशालाच अंग लागू नये असे ते अंग चोरून चालत होते. संग्रहालयाच्या खोलीत तिनं त्यांना खिडकीजवळच्या खुर्चीत बसवलं, हातमोजे चढवले आणि आतून एक तबक घेऊन आली.

तबकात एक जठर होतं. मातकट, चामड्यासारखं, रिकाम्या पखालीसारखं एका अंगावर पडलेलं. शिकवण्यासाठी त्याच्या धमन्यांत लाल रंग भरला होता.

"हे?" सासरे म्हणाले.

"हे."

"शी." त्यांनी मान वळवली. मग परत फिरवली. "यातली माझी कुठली?"

तिनं मोठ्या कडेनं जाणारी लाल रेघ दाखवली. रफू करायचा दोरा असतो तेवढी जाड. मध्येमध्ये तिच्यातून बारीक फाटे फुटून जठराच्या अंगात शिरले होते.

"एवढीशी?"

"एवढीशीच. बाकीच्या कापल्या तेव्हा ही राखली. आता हीच सगळीकडे पोचते."

सासरे पुढे वाकले. बघता बघता रुमाल खाली आला. त्यांच्या तोंडून हुं असा आवाज निघाला, आणि वाकू नये हे दोघेही विसरले होते. छातीतलं सगळं एकदम वर आलं. तबक बाजूच्या मेजावर टेकवून तिनं नुकतेच हातमोजे काढले होते. वाटी जवळ नव्हती. तिनं हात पुढे करायला आणि घास यायला एकच गाठ पडली. आंबट, पिवळट, गरम गोळा तिच्या उघड्या ओंजळीत पडला आणि बोटांच्या फटींतून मनगटावर ओघळला.

"ई!"

आवाज तिचाच होता. तिनं हात झटकला, अंग मागे घेतलं. नाक, ओठ, कपाळ, सगळं वेडंवाकडं झालं, आणि ते सरळ करता येईना. मग भानावर आली. सासरे डोळे मोठे करून तिच्याकडे बघत होते.

"बाबा, मी... चुकून झालं."

"किळस आली तुला."

ती कोपऱ्यातल्या नळाशी गेली. पाणी सोडलं. पाठमोरीच म्हणाली, "आली."

"आज पहिल्यांदा?"

नळाचं पाणी वाहत होतं. खोटं बोलायला वेळ होता.

"नाही. रोज येते. पहिल्या दिवसापासून. मला माफ करा."

तिला वाटलं, ते रडत असतील. हात पुसत वळली, तर ते तबकाकडे बोट करून विचारत होते,

"आणि याची?"

"याची कसली?"

"याची येते किळस?"

"याची नाही येत. हे मेलेलं..." ती थांबली.

"तू माझ्याकडे तसंच बघायचीस," सासरे म्हणाले. त्यात तक्रार नव्हती. "घाण काढायचीस आणि तोंड असं, पाटीसारखं. कप्पा साफ केलास तेव्हासुद्धा. मी म्हटलं, ही जाणती आहे. हिला कळलेलं दिसतंय. आपण आता त्यातलेच."

खिडकीतून ऊन तबकावर आलं होतं. तिनं ते उचलून आत नेऊन ठेवलं, दार ओढून घेतलं. परत आली तेव्हा सासऱ्यांनी स्वतःचं तोंड पुसलं होतं, सदऱ्यावरचा डाग रुमालाच्या ओल्या कोपऱ्याने बाहेरून आत असा टिपत होते.

"पिशवीत काय आणलंयस?" त्यांनी विचारलं.

"बटाटा. दही घालून."

"हात धुतलेस?"

"आत्ताच धुतले."

"परत धू. मलाही किळस येते तुझ्या हातांची. आधीपासून."

"माहीत आहे मला," ती म्हणाली.

तिनं परत हात धुतले, साबण लावून, कोपरापर्यंत. मग पिशवीतून डबा काढला, बाहेरच्या ओसरीवर बाक होता तिथे दोघे गेले, आणि तिनं पहिला चमचा भरला. सासऱ्यांनी आधी तिच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. तिनं नाक थोडं मुरडलेलंच ठेवलं.

त्यांनी तोंड उघडलं.