मिरचीवरचा धवला

लोककलावंताची मुलाखत रेडिओवर लागली की जयवंत पेडणेकरच्या घरात कुकरची शिट्टीसुद्धा व्हायची नाही. विरारच्या मनवेलपाड्यातल्या त्या दोन खोल्यांत माणसं दोनच, त्यामुळे हा दंडक पाळायचा तो आशालताबाईंनी. त्या मुकाट्याने गॅस बंद करायच्या आणि दारात उभ्या राहून नवऱ्याची मजा बघायच्या. जयवंत टू-इन-वनला कान लावून बसलेला, बोट रेकॉर्डच्या बटणावर, आणि आतून कुणी गोंधळी नाहीतर भारूडवाली आपल्या गुरूच्या आठवणी सांगतेय. गाणं त्याला आवडायचंच, पण त्याचा खरा जीव गाण्याआधीच्या बोलण्यात. कोण कुणाकडे शिकलं, पहिला मार कशासाठी खाल्ला, घसा बसला की कोणता पाला चघळायचा, हे ऐकताना हा मालवणी माणूस अगदी विरघळून जायचा.

मुंबईची नोकरी संपली आणि त्याने आणखी एक नाद लावून घेतला, गळ टाकायचा. चंदनसार ओलांडून सायकलने खाडीवर जायचं, दुकानातून आणलेली फिरकीची काठी रोवायची आणि बसायचं. खाडीने त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. शेजारीच बनियन घातलेला एक म्हातारा काचेच्या बाटलीला गुंडाळलेली दोरी सोडून बसलेला असे. जुन्या रबरी चपलेची टाच कापून केलेलं त्याचं बूच पाण्यावर जरा नाचलं की बोईट मासा वर. तो खाडीकाठच्या गावातला शेतकरी, शत्रुघ्न.

"काठी चांगली हाय तुमची," तो एक दिवस म्हणाला. "दुधीच्या मांडवाला टेकू द्या तिचा."

तिथून दोस्ती जमली ती जमलीच. शत्रुघ्नने चपलेची उरलेली टाच जयवंतला दिली. जयवंतने दवाखान्यातून सलाईनच्या रिकाम्या बाटल्या आणून त्याच्या वाडीत दुधीच्या मुळाशी थेंब-थेंब पाण्याची सोय केली. वेलीवर माव्याची कीड पडली तर चुलीची राख, वेल बांधायला सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या, जवळा काढायला आशालताबाईंची पिठाची चाळण. ही दोन डोकी एकत्र आल्यापासून घरातली कुठली वस्तू कधी गायब होईल याचा नेम उरला नाही, असं आशालताबाई शेजारणींना सांगायच्या, आणि सांगताना त्यांना हसू आवरायचं नाही.

शत्रुघ्नची बायको धोंडूबाई धवलारीण होती. हळदीपासून मंडपापर्यंत लग्नाचा प्रत्येक विधी धवला गाऊन पुढे नेणारी. ती एक ओळ म्हणायची आणि मागे बसलेल्या बायका ती झेलायच्या. हे कळल्यावर जयवंतला कुठलं राहवतंय. त्याने मुद्दाम नवीन, भारीतली कॅसेट आणली, टू-इन-वन सायकलला बांधला आणि वाडीत खाटेसमोर मुलाखत मांडली. अगदी रेडिओवरच्यासारखा आवाज लावून त्याने विचारलं, "धोंडूबाई, धवल्याच्या या परंपरेकडे आपण कशा वळलात?"

"मी कशाला वलते? आय गायची, मी मांगं बसून झेलायची. आय गेली, मी फुडं आले. चा घ्या आधी, थंड होतं."

"आणि शत्रुघ्नदादांना आपलं गाणं आवडतं?"

धोंडूबाई पदर तोंडाला लावून हसल्या. "त्यांना काय इचारता, भाऊजी. मी तोंड उघडला का ते जाला घेवून खाडीवर. लगीन झाल्यापासून माझा एक धवला पुरा आयकला नाय त्यांनी."

त्या दिवशीही शत्रुघ्न खाडीवरच होता. मग धोंडूबाई हळदीचा धवला गायल्या. मागून झेलायला कुणी नव्हतं म्हणून ओळ म्हणून झाली की त्या तेवढी जागा रिकामी सोडत आणि पुढे जात. पुढच्याच पावसाळ्यात त्या तापाने गेल्या.

दिवसकार्य झाल्यावर जयवंत कॅसेट घेऊन गेला, तर शत्रुघ्नने हात जोडले. "आता नको. तुमच्याच कडं ऱ्हाऊ द्या. आमच्या रीमाच्या हलदीला लावू. तिची आजीच गायल तिचा धवला, दुसरी धवलारीन मी आननार नाय." रीमा त्याची नात, धोंडूबाईंनी अंगाखांद्यावर वाढवलेली. जयवंतने शब्द दिला. कॅसेटची दुसरी प्रत काढून ठेवावी असंही त्याच्या मनात आलं होतं. मनात आलं आणि तिथेच राहिलं.

विरारच्या दमट हवेत कॅसेटींना बुरशी धरते. जयवंतने एकदा सगळ्या कॅसेटी डब्यांतून काढल्या, पुसल्या, गॅलरीत वाळवल्या आणि पुन्हा डब्यांत घातल्या. नाव तो फक्त डब्यातल्या कागदावर लिहायचा, कॅसेटवर नाही, कारण एकदा चिकटवलेला कागद सुटून मशीनमध्ये अडकला होता. ज्या कॅसेटी वाया गेल्या त्या त्याने वेगळ्या काढल्या. त्यांत एका शाहिराची मुलाखत होती, घरघर वाजणारी.

मार्गशीर्षात शत्रुघ्नच्या मिरचीवर पोपट उतरले. जयवंतने लगेच तोड काढली. वाया गेलेल्या कॅसेटी वाडीत नेल्या, आतलं रीळ ओढून काढलं आणि दोघांनी ते काठ्याकाठ्यांना पीळ देऊन ताणलं. वारा लागला की रीळ गुणगुणतं आणि पाखरं जवळ येत नाहीत. बाकीची रिळं तपकिरी होती, एक मात्र काळं. "ही काली पट्टी लय झ्याक वाजतं," शत्रुघ्न म्हणाला आणि ती त्याने खाटेशेजारच्या वाफ्यावर ताणली. जयवंत खूश होऊन घरी आला.

वैशाखात रीमाचं लग्न ठरलं. जयवंतने धोंडूबाईंच्या नावाचा डबा उघडला, कॅसेट लावली, आणि आतून शाहीर घरघरला.

तो जागच्या जागी बसला. शाहीर इथे, तर शाहिराच्या डब्यात कोण होतं, हे कळायला त्याला फार वेळ लागला नाही. त्या भारीतल्या कॅसेटचं काळं रीळ. मिरचीवर, उन्हात, दवात, मार्गशीर्षापासून. त्याला रडूच आलं आणि ते त्याने लपवलंही नाही.

"आता काय करणार?" आशालताबाईंनी विचारलं.

"गुपचूप जाऊन गुंडाळून आणतो. जे वाजेल ते वाजेल."

"गुपचूप कशाला? त्यांची बायको होती ती."

जयवंतने सायकल काढली. वाटेत त्याने बरीच वाक्यं जुळवली, पण वाडीत पोचल्यावर शत्रुघ्न कुठे दिसेना, तेव्हा त्याला सुटल्यासारखं वाटलं आणि त्याची लाजही वाटली. त्याने काळ्या रिळाचं टोक सोडलं आणि बोटाभोवती गुंडाळायला घेतलं. घाईत त्याचा गुंता झाला. गुंता सोडवायला गेला तर टोक तुटलं.

"पोपट गेलं काय, का पट्टी सोडतांव?" मागे शत्रुघ्न उभा होता, खांद्यावर जाळं.

जयवंतची जुळवलेली वाक्यं कुठल्या कुठे गेली. "दादा, हे वहिनींचं आहे. माझ्या हातून डबे बदलले. त्यांचा धवला मी तुमच्या मिरचीला बांधला."

शत्रुघ्नने जाळं खाली ठेवलं. तो रिळाकडे बघत राहिला. मग तो पडवीत गेला, आणि हा आता परत येत नाही, असं जयवंतला वाटलं. पण तो आला. त्याच्या हातात गळाची बाटली होती, दोरी काढून रिकामी केलेली.

"बोटावर गुंडाललं का पील बसतो," तो म्हणाला. "तुमी फकस्त ताना. मी बाटली फिरवतो. दोरीचा पील असाच जातो."

दोघे वाफ्यातून हळूहळू सरकत गेले. जयवंत काठीवरून रीळ सोडवायचा, शत्रुघ्न ते ओल्या फडक्यातून ओढून बाटलीवर घ्यायचा. जिथे तुटलं होतं तिथे त्याने टोकं मिरचीच्या पानात धरून ठेवली, हरवू नयेत म्हणून.

"रागावलात?" शेवटी जयवंतने विचारलं.

"रागावलो ना. नाय कसा?" शत्रुघ्नची बाटली फिरतच होती. थोडं पुढे गेल्यावर तोच म्हणाला, "ती मंडपात गायला लागली का मना रडू यायचा, जयवंतभाऊ. पोरगी दुसऱ्याची, लगीन दुसऱ्याचा, आनि रडतो मी. बाप्या मानसानं चारचौघांत रडाचा कसा? म्हनून मी जाला उचलायचो. तिला वाटायचा, मना गाना आवडत नाय."

"तुम्ही कधी सांगितलं नाही त्यांना?"

"नाय सांगितला."

घरी आशालताबाईंनी चष्मा चढवला, कात्री आणि चिकटपट्टी घेतली आणि जेवणाच्या टेबलावर रिळाचे तुकडे जोडायला बसल्या. नव्या कॅसेटचे स्क्रू काढून जयवंतने त्यात ते रीळ भरलं. पहिल्या खेपेला एक तुकडा उलटा लागला आणि धोंडूबाई कुठल्यातरी परमुलखातली भाषा बोलू लागल्या. मग नीट लागलं. आवाज खरखरत होता, मधेमधे बुडत होता, पण आवाज त्यांचाच होता. धवल्यात मात्र मोठाल्या जागा कोऱ्या झाल्या होत्या. ऊन लागलेल्या ठिकाणी नुसता वारा वाजायचा.

बोलणं बऱ्यापैकी वाचलं होतं. नवऱ्याने एक धवला पुरा ऐकला नाही, ते वाक्य तर लख्ख. आशालताबाईंनी कात्री उचलली. "हे काढू का? भर मांडवात कशाला?"

जयवंत विचारात पडला. रेडिओवरच्या किती मुलाखती त्याने ऐकल्या होत्या, आणि त्यांत कापलेली जागा त्याला लगेच ओळखू यायची. "नको," तो म्हणाला. "त्यांनी सांगितलंय, ते त्यांचं."

रीमाच्या हळदीला मांडवात टू-इन-वन पाटावर ठेवला. पाटाभोवती कुणीतरी तांदूळही घातले. बायका एका बाजूला, रीमा हळदीच्या चौरंगावर, शत्रुघ्न खांबाला टेकून बसलेला. जयवंतने बटण दाबलं आणि थोड्या खरखरीनंतर धोंडूबाई म्हणाल्या, "चा घ्या आधी, थंड होतं." मांडवभर हसू पसरलं. रीमाने डोळे पुसले तशी हळद गालभर झाली.

मग तो प्रश्न आला आणि ते उत्तर आलं. "माझा एक धवला पुरा आयकला नाय त्यांनी." बायका पुन्हा हसल्या, एकदोघींनी शत्रुघ्नकडे बघितलं. त्याची मान खाली गेली. धवला सुरू झाला तसा तो खांब धरून उठला. त्याचं जाळं मांडवाच्या कडेलाच टांगलेलं होतं. जयवंतला वाटलं, हा आता चालला, आणि त्याला ते बघवेना.

पहिल्या ओळीनंतर धोंडूबाईंनी जागा रिकामी सोडली आणि त्यांच्या मागे वर्षानुवर्षं बसलेल्या बायकांनी ती ओळ झेलली. कुणाला सांगावं लागलं नाही. दुसरी ओळ आली, ती अर्ध्यात बुडाली आणि नुसता वारा वाजू लागला. जयवंतचा हात बटणाकडे गेला. पण बायका थांबल्या नाहीत. अर्धी राहिलेली ओळ त्यांनीच पुरी केली, पुढचीही म्हटली, आणि वारा संपून धोंडूबाईंचा आवाज वर आला तेव्हा त्या पुन्हा मागे होऊन झेलू लागल्या. असंच चाललं. कधी धोंडूबाई पुढे, कधी बायका.

शत्रुघ्न उभा होता तो खाली बसला. चारचौघांत, भर मांडवात, तो रडत होता, आणि डोळे पुसायला त्याने हातसुद्धा वर नेला नाही. जाळ्याकडे त्याने बघितलं नाही.

धवला संपला. रीळ थोडं पुढे फिरलं आणि जयवंतचाच जुना आवाज म्हणाला, "धन्यवाद, धोंडूबाई." मग बटण आपोआप वर आलं. बायका हळदीच्या वाट्यांकडे वळल्या.

शत्रुघ्न पाटाजवळ सरकला. त्याने टू-इन-वनवर हात ठेवला आणि हळू आवाजात म्हणाला, "आयकला गं. पुरा आयकला."