एका घराचा भार एकदाच

या, जरा जवळ सरका, मांडी घालून बसा. दमलेल्या माणसांची एक गोष्ट सांगतो, आणि तुम्हीही दमलेलेच दिसताय, म्हणजे ती नीट कळेल.

वीज कचेरीच्या खिडकीशी एक सून पुन्हा येऊन उभी राहिली. सासूसाठी घरी श्वासाचं यंत्र बसवायचं होतं, त्याला जादा वीज हवी होती. उत्तर दर वेळी एकच: तुमच्या गल्लीचा ट्रान्सफॉर्मर भरलाय.

"अहो ताई, निम्मा वेळ गल्लीत अंधार. मग भरलाय कशानं?"

कारकूनबाईंच्या डोळ्यांवर झापड होती. तरी त्यांनी संगणकावर गल्लीची नोंद उघडली आणि कपाळाला हात लावला. कुणी तक्रार केली की नोंदीत एक नवी ओळ पडायची आणि तीत त्या घराचा पूर्ण भार, म्हणजे त्याला लागणारी वीज, आपोआप उमटायचा, आणि बेरीज करणाऱ्यानं सगळ्याच ओळी मिळवल्या होत्या. कोपऱ्यावरचे मास्तर तर दिवा जरा मिचकावला तरी तक्रार करायचे.

"म्हणजे मास्तरांनी तक्रारी करकरून अख्खी गल्ली खाल्ली!" सून म्हणाली.

आतून साहेब म्हणाले, "सारखे आकडे एकदाच धरा बाई, आणि संपवा."

बाईंनी तसं केलं. बेरीज धाडकन खाली आली, जरा जास्तच. शिंपी आणि त्याच्या शेजारची नर्स, दोघांचा भार नेमका सारखा. त्यातलं एक घर गायब!

"साहेब, आकडा सारखा आहे, घरं वेगळी आहेत."

"होऊ द्या हो, सही करतो."

"आणि ट्रान्सफॉर्मर जळला तर? म्हातारीचं यंत्र त्याच्यावरच चालणार."

साहेबांनी चष्मा काढून डोळे चोळले. "करा मग पुन्हा."

देवाचं नाव घेऊन बाई पुन्हा पहिल्यापासून बसल्या. ग्राहक क्रमांक बघायचा, त्या घराचा भार एकदा घ्यायचा, पुढे जायचं. शेवटी जागा निघाली, पण बेताचीच.

"यंत्र बसेल," त्या म्हणाल्या, "पण तुमच्या घरची विजेची शेगडी बंद करावी लागेल."

"करते की! स्वयंपाक कशावरही होईल, ताई. सासूबाईंना एकदा आडवं होऊन झोपू दे."

साहेबांनी सही केली. यंत्र लागलं आणि सासू उशीला डोकं टेकून झोपली.

कारकूनबाई घरी जाऊन चपला न काढताच पलंगावर बसल्या. दिवस कसा गेला, कुणी विचारलं नाही. आज देवापुढे हात जोडाल ना, तेव्हा त्यांची आठवण काढा; त्यांच्यासाठी थोडा विसावा मागा.