वजसूरचा हुंकारा

जेठी परत आली. मंगळवारी दुपारच्या छकड्यातून उतरली, पदर सावरला, आणि घरात शिरल्या शिरल्या चुलीकडे बघून तोंड वाकडं केलं. अख्ख्या खाखरापीपळ गावाने हे पाहिलं. पण तुम्ही ते ऐकलंच नाही असं समजा. अजून ती गेलेलीसुद्धा नाही. अजून वैशाखातली दुपार आहे, जेठी ओसरीवर बियाण्यासाठी भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली आहे, शेजारी खाटेवर नवरा लवंडला आहे, आणि संसार अगदी सुरळीत चालला आहे असं दोघांपैकी एकाचं मत आहे.

तो एक म्हणजे वजसूर. तसा तो शेतकरी, पण पंचक्रोशीत त्याचं नाव होतं ते ऐकणारा म्हणून. आमच्या काठियावाडात डायरोत, म्हणजे रात्रीच्या मैफलीत, शूरांच्या कथा सांगणाऱ्या गढवीला, म्हणजे भाटाला, समोर हुंकारा देणारा माणूस लागतो. तो नसेल तर गढवीची कथा दोन वाक्यांत आजारी पडते. मेघदानभा गढवींच्या समोर, गादीच्या डाव्या अंगाला, वजसूर बसायचा. राजाने घोड्यावर खोगीर घातलं की वजसूर म्हणायचा, "हां." तलवार उपसली की, "भले." डोकं उडालं आणि धड लढत राहिलं की, "खमा, बापा, खमा." आणि शेवटी मेघदानभांचा आवाज विहिरीत सोडलेल्या पोहऱ्यासारखा खाली खाली गेला की वजसूर मांडीवर थाप मारून म्हणायचा, "वाह बापा, वाह. पुन्हा होऊ द्या." त्यावर लोक उठून नोटा उधळायचे. लोकांना कथेचं शौर्य समजायचं ते वजसूरच्या तोंडून.

वजसूर ऐकत नसे, एवढीच एक गोष्ट कोणाला माहीत नव्हती.

लबाडी नव्हती त्यात. त्याच्या कानाला चाल कळायची. श्वास कुठे तुटतो, सूर कुठे चढतो, हे पकडून तोंड आपलं काम करायचं आणि वजसूर स्वतः मनाने शेतात पाण्याची पाळी लावून यायचा. एकदा तर एका वीराच्या मरणाच्या अख्ख्या प्रसंगात तो उघड्या डोळ्यांनी झोपला होता. कथा संपल्यावर मेघदानभांनी त्याला मिठी मारली आणि सांगितलं की हे मरण इतक्या भक्तिभावाने आजवर कोणी ऐकलं नव्हतं.

हेच तोंड तो घरीही वापरायचा. त्याच्याकडे दुसरं नव्हतं.

तर त्या दुपारी जेठी बोलत होती. बराच वेळ बोलत होती, आणि हळू बोलत होती. वजसूर डोळे मिटून वेळच्या वेळी हां आणि भले देत होता. एका हां-पाशी ती थांबली. तो हां जरा जास्तच चांगला होता. तिने त्याच सुरात पुढे सुरू केलं.

"आज म्हैस उडाली."

"हां."

"उडून लिंबावर बसली."

"भले."

"मग मी सरपंचाशी पाट लावला."

"खमा, बापा, खमा."

जेठीने हातातली शेंग सुपात ठेवली. तिचा आवाज खाली गेला. "हीरलचे बापू, मी माहेरी चालले. कायमची. न्यायला येऊ नका."

"वाह बापा, वाह," वजसूर म्हणाला आणि त्याने मांडीवर थाप मारली. "पुन्हा होऊ द्या."

जेठीने पुन्हा होऊ दिलं, शब्दन् शब्द. मग पिशवी भरली आणि निघाली. मुलगी हीरल सुट्टीला मामाकडे आधीच पोचलेली होती, त्यामुळे तेवढा एक सामानाचा डाग कमी झाला.

वजसूरला कळलं ते चार वाजता. त्याने चहा मागितला आणि चहाकडून काही उत्तर आलं नाही. पुढचं सगळं त्याला शेजारणीने भिंतीवरून ऐकवलं, म्हशीसकट. तो उठून लिंबाखाली गेला आणि एकदा वर बघून आला. माणसाने खात्री करून घ्यावी.

फोन लावला तर जेठीने उचलला, ही त्यातल्या त्यात आशेची गोष्ट. ती रागावली नव्हती, म्हणजे त्याहून वाईट होतं. म्हशीच्या आधी मी काय सांगत होते तेवढं सांगा, म्हणाली, मी आजच्या आज येते. वजसूरने खूप आठवलं. आवाज त्याला तंतोतंत आठवत होता, कुठे चढला, कुठे अडखळला, कुठे तिने नाक ओढलं, हे सगळं. शब्द एकही नाही. तो गप्प राहिला. हा त्याच्या आयुष्यातला पहिला चुकलेला हुंकारा. जेठीने फोन ठेवला.

आता ती कायमची गेली तर? हा विचार त्याला पहिल्यांदा शिवला तो चुलीपाशी, बाजरीचा रोटला थापताना. त्याच्या हातून जो रोटला झाला तो म्हशीनेही नुसता हुंगला.

पानाच्या टपरीवर पुरुषमंडळींची बैठक भरली. बाई बराच वेळ बोलत होती म्हणजे तक्रार करत होती, यावर एकमत झालं. तक्रार म्हणजे काहीतरी मोडलंय. मोडलंय म्हणजे दुरुस्त करायचं. सरपंच या बाबतीत फार उत्साही होते. पाटाची गोष्ट त्यांच्याही कानावर आली होती आणि तेव्हापासून ते रोज दाढी करत होते.

वजसूरने घर दुरुस्तीला काढलं. नळ गळत होता तो थांबवला. दाराची कुरकुर, झोपाळ्याची कडी, पंख्याचा गचका, गोठ्याचा खुंटा, सगळं ठाकठीक केलं. हात इतका चालू लागला की त्या भरात शेजाऱ्याचंही कौल बदललं, जे फुटलेलं नव्हतं. मग त्याने फोन करून सगळं ऐकवलं, कौलासकट, आणि तक्रार हीच होती का असं एकेक विचारलं. नळ? नाही. दार? नाही. कपडे धुवायचं मशीन आणू का? सोन्याच्या बांगड्या?

"हीरलचे बापू," ती शेवटी म्हणाली, "मी नवरा केला होता. मिस्त्री नाही."

तेव्हा वजसूर सासुरवाडीला गेला.

आमच्याकडे जावई म्हणजे जावई. मुलगी त्याला सोडून आलेली असली तरी त्याच्या ताटातला लाडू काही सोडून जात नाही. सासू पूंजीमाने गादी घातली, चुरम्याचे लाडू केले, आणि शेजारी पंखा घेऊन बसली. वजसूर जेठीबद्दल विचारायला तोंड उघडायचा, पूंजीमा त्यात लाडू ठेवायची. नको म्हटलं तर माझ्या गळ्याची शपथ म्हणायची. अशा रीतीने जावयाने सासूचे प्राण बऱ्याच वेळा वाचवले आणि बायकोचा विषय काही निघाला नाही. अखेर पूंजीमालाच कणव आली. तिने त्याच्या तोंडात आणखी एक लाडू घातला, जेठीला हाक मारली, आणि पंखा घेऊन आत गेली.

जेठी उंबऱ्यावर बसली. वाळली होती जरा. वजसूरला ते सांगावंसं वाटलं, पण लाडू मोठा होता.

"एकदाच सांगते," ती म्हणाली. "पण हां नाही, भले नाही, खमा नाही. एक जरी निघालं तर मी उठले."

आणि ती सांगू लागली. वजसूरला सुरुवातीला फक्त चालच ऐकू आली. पहिल्याच श्वासाला त्याच्या घशात हां तयार झाला, लाडवावर आपटून परत गेला. मागून भले आला, तोही परतला. मग हळूहळू, तोंडाला काही काम नाही असं दिसल्यावर, त्याच्या कानांनी नाइलाजाने काम सुरू केलं.

ती वलीमाबद्दल बोलत होती. वलीमा, वजसूरची आई, होळीच्या आदल्या आठवड्यात गेली होती. जेठी सांगत होती की म्हातारी असताना सकाळ भांडणाने उजाडायची. मी म्हणायचे डाळ शिजली, ती म्हणायची कच्ची आहे. मी म्हणायचे ऊन आहे, ती म्हणायची ढग आहेत. मरेपर्यंत माझं एक वाक्य तिने नीट जाऊ दिलं नाही. आता घरात मी बोलते, आणि कोणी आडवं येत नाही. दिवसभर मी एकटीच बरोबर असते. मी मेल्यावर कसं वाटेल ते मला आत्ताच कळायला लागलंय.

"मा माझ्याशी भांडायची," जेठी म्हणाली, "पण ऐकून भांडायची. आडवं यायला आधी ऐकावं लागतं."

वजसूरने लाडू गिळला. आता तोंड मोकळं होतं आणि त्याला हुंकारा द्यायची बंदी होती. म्हणून त्याने दुसरं, पुरुषाच्या जातीला शोभेल असं केलं. उपाय सांगितला. धोराजीची मोठी मावशी एकटीच असते, तिला घरी आणून ठेवू का, ती मापेक्षाही जास्त भांडते.

जेठीने त्याच्याकडे बघितलं. ती उठली नाही, पण चपला कुठे आहेत ते पाहून घेतलं.

"पुन्हा कौल बदलायला निघालात," ती म्हणाली.

गढवीला प्रश्न विचारायची रीत नाही, त्यामुळे लग्नानंतर त्याने बायकोलाही कधी प्रश्न विचारला नव्हता. तो पहिला प्रश्न त्याने फार जपून, गरम भांडं उचलावं तसा उचलला.

"मा तुला शेवटचं काय म्हणाली?"

जेठीचे डोळे भरले. "म्हणाली, तुला अजून रोटला जमत नाही."

"ते खरंच आहे," वजसूर म्हणाला.

तिने झटकन वर बघितलं. लग्न झाल्यापासून तो पहिल्यांदा आडवा आला होता.

"कडा जाड राहतात," तो धीर करून पुढे म्हणाला. "पण शेतावर मला म्हणायची की पोरीच्या हातच्या रोटल्यानंतर दुसरा कोणाचा गोड लागत नाही. रोज म्हणायची."

"आणि हे तुम्ही मला आज सांगताय?"

"तू विचारलं नाहीस."

"सांगायला विचारावं लागतं?" जेठीचा आवाज चढला. आत पूंजीमाचा पंखा थांबला. "मी म्हातारीवर जन्मभर रागावून राहिले, आणि तुम्ही ते खिशात घेऊन फिरत होतात?"

वजसूरने गादीची शिवण चाचपली. मग त्याला जे माहीत होतं ते त्याने सांगितलं. माचं नाव तोंडात घेतलं तर बाकीचंही बाहेर येईल आणि ते थांबायचं नाही, याची त्याला भीती वाटत होती. लहानपणी मा गोष्ट सांगायची, तेव्हा हां म्हटलं नाही तर ती थांबायची. म्हणून तो हां म्हणत राहायचा. गोष्ट कळण्यासाठी नव्हे. ती थांबू नये म्हणून.

"तुझं पण तसंच," तो म्हणाला. "तू काय बोलतेस ते मला कळत नाही. पण तू बोलत असलीस की घर चालू आहे असं वाटतं. तू गेलीस आणि मी नळ दुरुस्त केला, आता तर तोसुद्धा वाजत नाही."

जेठीलाही या माणसाबद्दल एक गोष्ट आजच कळत होती. मग तिने पदराने डोळे पुसले आणि त्याच्या ताटात आणखी एक लाडू वाढला, कारण त्या घराला दुसरं काही येतच नव्हतं.

"शब्द पण ऐकावे लागतील," ती म्हणाली.

"सगळे?"

"निम्मे तरी. आणि कधीकधी आडवं यायचं."

तर जेठी परत आली. ते तुम्हाला आता अधिकृतपणे कळवण्यात येत आहे.

ऐकण्याची सवय मात्र वाईट. एकदा लागली की माणूस घर आणि बाहेर असा फरक करत नाही. आषाढी बीजेला मंदिरात डायरो होता, माणूस मावत नव्हता. मेघदानभांनी घोडा दौडवला, नदी आडवी आली, घोड्याचा पाय मोडला, तरी घोड्याने उडी घेतली. सगळे वजसूरच्या भलेसाठी थांबले.

"मोडक्या पायाने कशी घेतली?" वजसूरने विचारलं. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

मेघदानभांची कथा तिथेच पाण्यात पडली. पुढे वीराचं डोकं उडालं तेव्हा वजसूरने त्याच्या बायकोला कोणी कळवलं का, असं विचारलं. धड लढू लागलं तेव्हा तो रडला आणि पुढचं ऐकायचं नाही म्हणाला. नोटा उधळायला आलेले लोक विचार करत घरी गेले, आणि बऱ्याच घरांत त्या रात्री प्रश्न विचारले गेले. वजसूरच्या जागी दुसरे बसवून पाहिले. ते एक तर ऐकत होते, नाही तर घोरत होते.

अखेर श्रावणाच्या तोंडावर डायरो समिती वजसूरच्या ओसरीवर आली. जेठी रोटला थापत होती आणि कडांवरून आत भांडण चालू होतं. मेघदानभांनी पागोटं सारखं केलं, घसा साफ केला, आणि समितीच्या वतीने तोंडी निवेदन सादर केलं:

"श्रीमती जेठीबेन वजसूरभाई यांस सविनय विनंती की, जनतेची होत असलेली गैरसोय आणि वीरपुरुषांची होत असलेली अवहेलना लक्षात घेऊन, आपण आपल्या पतीस डायरोच्या रात्रीपुरते पूर्वीप्रमाणे न ऐकणारे करून समितीच्या ताब्यात द्यावे. कार्यक्रम संपताच त्यांना ऐकत्या स्थितीत, कोणतीही मोडतोड न होता, घरपोच करण्याची जबाबदारी समितीची राहील. तरी याबाबत सहानुभूतीपूर्वक विचार होऊन लवकरात लवकर मंजुरी मिळावी, ही विनंती."