पेशंटने दिलेलं घड्याळ

माझ्याकडे एकतीस घड्याळं आहेत आणि सगळी चावीची. सेलवर चालणाऱ्या वस्तूला आम्ही घड्याळ म्हणत नाही. आम्ही म्हणजे पाचजण: दाताचे डॉक्टर, निवृत्त हेडमास्तर, दुकानांच्या पाट्या रंगवणारा पेंटर, आमचे घड्याळजी आणि मी. मी चष्म्याच्या दुकानात मागच्या बाजूला बसून काचा घासतो. दर रविवारी सकाळी घड्याळजींच्या दुकानाच्या वरच्या खोलीत आम्ही जमतो, आपापली मनगटं टेबलावर ठेवतो आणि एकमेकांच्या घड्याळांना नावं ठेवतो. माझी बायको याला रिकामटेकड्यांची सभा म्हणते. तिचं फारसं चुकत नाही.

या सभेत घड्याळांच्या दोन जाती आहेत, घरचं आणि बाजारचं. घरचं म्हणजे वडिलांचं, मामांचं, कुणीतरी आपल्या माणसाने आयुष्यभर घातलेलं. बाजारचं म्हणजे जुन्या बाजारात ताडपत्रीवर मांडलेल्या ढिगातून उचललेलं. डॉक्टरांकडे वडिलांचं आहे. मास्तरांकडे मामांचं आहे. पेंटरकडे सासऱ्यांचं आहे, ते बारा वर्षं बंद आहे, तरी तो ते घालून येतो आणि आम्ही सगळे त्याच्याकडे आदराने बघतो. माझी एकतीसच्या एकतीस बाजारची. आजोबा सरकारी दवाखान्यात वॉर्डबॉय होते, वडील नळ बसवायचे, घड्याळ येणार कुठून? पण कुणी "तुमचं घरचं कुठलं?" विचारलं की मी हसून विषय बदलायचो आणि घरी येईपर्यंत मनातल्या मनात जळत राहायचो.

मग वाचनालयाच्या हॉलमध्ये आमच्या घड्याळांचं प्रदर्शन ठरलं. प्रत्येकाने एक घड्याळ ठेवायचं, शक्यतो घरचं, शेजारी त्याची हकीकत लिहिलेलं कार्ड. मी सायीच्या रंगाच्या तबकडीचं, खाली छोटा सेकंदकाटा असलेलं एक निवडलं. चार वर्षांपूर्वी ते मला तुटक्या पट्ट्यांच्या डब्यात मिळालं होतं. त्याच्या पाठीवर तीन अक्षरं कोरलेली होती, नावाची आद्याक्षरं. ती आजोबांची नव्हती, आणि आमच्यातला कुणीही आधी पाठच बघतो. एवढी एक अडचण होती, ती मी चार ओळींत मिटवली. लिहिलं: "माझे आजोबा सरकारी दवाखान्यात पुरुषांच्या वॉर्डात कामाला होते. त्यांनी सेवा केलेल्या एका पेशंटने बरं होऊन घरी जाताना हे घड्याळ त्यांना प्रेमाने दिलं. पाठीवरची अक्षरं त्या पेशंटची आहेत." लिहून झाल्यावर वाचलं आणि मलाच भरून आलं. इतकी सुबक थाप मी आयुष्यात मारली नव्हती.

डॉक्टरांनी कार्ड दोनदा वाचलं आणि पाठीवर थाप दिली. मास्तर म्हणाले, इतकी वर्षं हे लपवून ठेवलंत म्हणजे कमाल आहे. मी खाली बघून हसलो. खरं सांगायचं तर त्या दिवशी मी फार सुखात होतो.

प्रदर्शनाच्या दुसऱ्या दिवशी एक बाई आल्या. साठीच्या, शिवणकाम करणाऱ्या, चष्मा आमच्याच दुकानातून केलेला. पाठीवरची अक्षरं दिसावीत म्हणून प्रत्येक घड्याळाखाली आम्ही छोटा आरसा ठेवला होता. बाई माझ्या घड्याळाच्या आरशापाशी वाकल्या त्या सरळ होईनात. मग त्यांनी ते हातात घ्यायला मागितलं, उलटं केलं, अक्षरांवरून अंगठा फिरवला. ही माझ्या वडिलांची अक्षरं, म्हणाल्या. शाळेच्या रौप्यमहोत्सवात त्यांना दिलं होतं, काचेवरचा, चारच्या आकड्याखालचा हा ओरखडा मी पाडलेला आहे, सुईने.

सांगायला लाज वाटते, पण मला आधी आनंद झाला. घड्याळाचा मूळ मालक सापडणं म्हणजे आमच्यात लॉटरी.

"तुमच्या कार्डावर ते बरे झाले असं लिहिलंय," बाई म्हणाल्या. "ते बरे झाले नाहीत. नवव्या दिवशी त्याच वॉर्डात गेले. मी तेव्हा नऊ वर्षांची होते."

त्यांनी हळू आवाजात पुढचं सांगितलं. वडिलांना दाखल केलं तेव्हा घड्याळ मनगटावर होतं. घरी आणलं तेव्हा नव्हतं. आईने आळ घेतला तो धाकट्या दिरावर, कारण उशाशी तोच बसून असायचा. त्या दिवसापासून काकाला घराचं दार बंद झालं ते पन्नास वर्षं बंदच राहिलं. मागच्या वर्षी काका वारला. "मी त्याला शेवटचं बघायलासुद्धा गेले नाही," बाई म्हणाल्या आणि घड्याळ जपून माझ्या तळहातावर ठेवलं.

तिथल्या तिथे सांगून टाकायला हवं होतं. बाई, हे बाजारचं आहे, कार्ड खोटं आहे. एका वाक्याचं काम होतं. पण मास्तर दोन हातांच्या अंतरावर उभे होते, डॉक्टर कान देऊन ऐकत होते. मी म्हणालो, "आजोबा सांगायचे तसं मी लिहिलं. खरंखोटं मला काय माहीत?" चांगलं झाकून घेतलं असं मला वाटलं. घरी येऊन बूट काढताना लक्षात आलं की मी काय केलंय. पेशंट बरा झाला नाही, तर त्याने घड्याळ दिलं कसं? आणि दिलं नाही, तर ते आजोबांकडे आलं कसं? माझ्या आजोबांना मी, त्यांच्या सख्ख्या नातवाने, मेलेल्या माणसाच्या मनगटावरून घड्याळ काढायला लावलं होतं.

आमचे वडील आतल्या खोलीत असतात. वय शहात्तर, गुडघे गेलेले, त्यामुळे प्रदर्शनाला आले नव्हते आणि कार्डाचा त्यांना पत्ता नव्हता. बापाचं नाव निघालं की ते अजून ताठ बसतात. वॉर्डात लोकांच्या उशाखाली अंगठ्या असायच्या, पाकिटं असायची, पण माझ्या बापाने कधी दुसऱ्याच्या टाचणीला हात लावला नाही, हे मी लहानपणापासून इतक्यांदा ऐकलंय की पुढचं वाक्य मीच म्हणतो. आता माझी एकच धडपड होती: हे त्यांच्या कानावर जायच्या आत निस्तरायचं.

रविवारी मी सभेत सगळं कबूल केलं. घड्याळ बाजारचं, कार्ड थापेचं, माझी चूक. मग डॉक्टरांनी माझा हात हातात घेतला. म्हणाले, समजतं मला, आजोबांचं नाव राखायचं तर दुसरं करणार काय. पेंटर म्हणाला, त्याच्या सासऱ्यांवर वेळ आली असती तर त्यानेही हेच केलं असतं. मी खरं बोलतोय म्हणून शपथा घेऊ लागलो तसतसे ते आणखी प्रेमाने बघू लागले. मी घड्याळजींकडे वळलो. तुम्हीच हे साफ केलं होतं, तेव्हा मी कुठून आणलं ते आठवा. घड्याळजींनी भिंग पुसलं आणि म्हणाले, तुम्ही कधीच काही सांगत नाही. हे मात्र खरं होतं. कुठून आणि केवढ्याला हे सांगायचं नाही, ही माझी जुनी शिस्त. बायकोलाही नवीन घड्याळ दिसलं की "जुनंच आहे" म्हणून मोकळा व्हायचो, त्यामुळे तिला एकतीसमधलं कुठलं कधी आलं याचा काडीचा अंदाज नाही. साक्षीदार म्हणून मी माझ्याच हाताने कुणी शिल्लक ठेवलं नव्हतं.

राहता राहिला जुन्या बाजारातला ताडपत्रीवाला. तो सापडला. त्याला काही आठवत नव्हतं, पण माणूस भला. त्याने नंबर दिला आणि वाटेल तेव्हा फोन करा म्हणाला.

त्याच आठवड्यात बाई घरी आल्या. पत्ता मीच दिला होता. बायको कामावर होती. वडिलांच्या खोलीचं दार मी लोटून घेतलं आणि उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं, एकही शब्द न गाळता. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मग कार्डावर तसं का लिहिलंत?"

"चार लोकांत मिरवायला," मी म्हणालो. आयुष्यात इतकं खरं मी क्वचितच बोललो असेन.

बाईंच्या चेहऱ्यावर मला दया दिसली. मी घाईघाईने ताडपत्रीवाल्याला फोन लावला, त्यांच्या हातात दिला. फोन स्पीकरवर होता. बाईंनी विचारलं, अशा तबकडीचं घड्याळ यांनी तुमच्याकडून घेतलं का. "हो हो," तो उत्साहाने म्हणाला, "साहेब जे म्हणतात ते सगळं बरोबर आहे. साहेब काय म्हणतात?"

बाईंनी फोन बंद करून माझ्याकडे दिला. मला त्या माणसाचा आणि स्वतःचा इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं, आणि तेही बाईंनी चुकीचंच वाचलं. त्या म्हणाल्या, "हे बघा, मी भांडायला आले नाहीये. उलट उपकार मानायला आलेय. तुमच्या कार्डाने माझा काका सुटला."

"पण बाई, ते कार्ड खोटं आहे."

"ते खोटं मानलं तर माझा काका पुन्हा चोर होतो."

"का म्हणून? वॉर्डात दहा माणसं येत-जात असतील. कुणीही घेतलं असेल."

"मग त्या दहांत तुमचे आजोबाही आलेच की," बाई म्हणाल्या.

घड्याळ बाजारातून घेतलं ते खरं, पण बाजारात ते कुणी आणलं? आजोबा त्या वॉर्डात होते, ही एवढीच गोष्ट त्या कार्डावर खरी होती, आणि तीच माझ्या मुळावर आली होती.

तेवढ्यात लोटलेलं दार उघडलं. वडील चौकटीला धरून उभे होते. किती वेळ ऐकत होते कुणास ठाऊक. काठीसुद्धा घेतली नव्हती.

"माझ्या बापाच्या मनगटावर मरेपर्यंत घड्याळ नव्हतं," ते म्हणाले. "एकदाही नाही. कुणालाही विचारा."

बाई उठून उभ्या राहिल्या, त्यांनी वडिलांना हात देऊन खुर्चीत बसवलं.

"तेच तर, दादा," त्या अगदी हळू म्हणाल्या. "हक्काचं असतं तर घातलं नसतं का?"

बाई पुढे बराच वेळ बोलत होत्या आणि वाईट असं एकही वाक्य बोलल्या नाहीत. तुटपुंज्या पगारात माणसाच्या हातून होऊन जातं, म्हणाल्या. नऊ दिवस तुमच्या आजोबांनी माझ्या वडिलांची अंथरुणं बदलली, अंग पुसलं, ते मी विसरणार नाही, म्हणाल्या. मी मनापासून माफ केलंय. उद्या काकाच्या मुलाकडे जाऊन त्याचे पाय धरायचे आहेत, पन्नास वर्षांनी, तुमच्यामुळे. मी घड्याळ पुढे केलं तर त्यांनी घेतलं नाही. आता ते तुमच्याच घरचं, म्हणाल्या. जिन्यावरून त्या उतरत होत्या तेव्हा त्यांची पावलं येतानापेक्षा हलकी वाजत होती. त्यांना परत हाक मारायची माझी हिंमत झाली नाही. हाक मारून सांगणार काय होतो? जे खरं ते सगळं सांगून झालं होतं.

त्या दिवशी वडिलांनी मला आयुष्यात कधी घातल्या नसतील तेवढ्या शिव्या घातल्या. बाजारातली वस्तू बापाच्या नावावर खपवतोस, लाज वाटत नाही, असं सगळं. मी खाली मान घालून ऐकलं आणि, विचित्र वाटेल, मला बरं वाटलं. निदान एक माणूस तरी माझं खरं मानत होता.

पुढचे दोन आठवडे बापाचा विषय त्यांनी काढला नाही. मी एकदा मुद्दाम अंगठ्या-पाकिटांची गोष्ट सुरू केली, पुढचं वाक्य त्यांनी म्हणावं म्हणून थांबलो, तर त्यांनी कूस बदलली. सभेला मी जाणं सोडलं, तर डॉक्टर स्वतः घरी येऊन चौकशी करून गेले आणि जाताना वडिलांना म्हणाले, मुलगा गुणाचा आहे तुमचा, आजोबांसाठी फार सोसतोय. वडिलांनी मान हलवली.

काल सकाळी मी त्यांच्या पायांची नखं कापत होतो. गुडघ्यांमुळे त्यांना वाकता येत नाही. ते खिडकीकडे बघत होते. म्हणाले, "माझा बाप गेला तेव्हा त्याची पत्र्याची पेटी मी उघडली नव्हती. तूच रिकामी केली होतीस."

त्यात दोन सदरे, धोतरजोडी आणि एक चष्मा होता, मी म्हणालो. दुसरं काही नव्हतं.

"माझ्यापासून आता लपवू नकोस," ते म्हणाले. त्यांचा पाय माझ्या हातात होता. "मी रागावणार नाही. घड्याळाखेरीज त्या पेटीत आणखी कुणाकुणाचं काय काय होतं?"