दोन तर चालू हाईत

"मग दोनावर टोप कसा राहील गो?" सावळारामने विचारलं.

हेमाली गुडघ्यांवर बसून सर्व्हरच्या मागे वायर खोचत होती. कापडावरच्या नक्ष्या तयार करणाऱ्या कंपनीत कॉम्प्युटरचं सगळं तीच बघायची, आणि तिचे वडील सावळाराम त्याच आवारात वॉचमन होते. वडप्याचं हे आवार म्हणजे एके काळचं त्यांचंच भातशेत. पण तो विषय घरात आता कुणी काढत नसे.

"चूल तीन दगडांचीच, आबा. पण आमची ही चूल दोनावरही उभी राहते," ती म्हणाली. "नक्षीचं सॉफ्टवेअर उघडलं की आधी इथे विचारतं, लायसन्स आहे का? हे तिघं मिळून हो म्हणतात. एक बंद पडला तरी दोघं सांभाळून घेतात. दोन पडले, की मात्र सगळ्यांचं काम ठप्प. म्हणून तर तीन गाळ्यांत तीन ठेवलेत."

"म्हंजे एकाला इसावा देता येतो."

"येतो की!" हेमालीला हसू आलं.

"तुजी आय असती तं तिघांना बी ओवाळलं असतं तिनं."

बोलता बोलता त्याचा हात शर्टाच्या शेवटच्या बटणाकडे गेला. निळ्या युनिफॉर्मला तेवढं एकच पांढरं बटण होतं. त्याच्या बायकोला, गोदूला, निळं मिळालं नव्हतं, तेव्हा तिने ते लावून दिलं होतं. त्यानंतर चैत्रात ती गेली.

नवरात्र बसलं. अष्टमीच्या संध्याकाळी दुसऱ्या गाळ्यातल्या सर्व्हरची डिस्क गेली. हेमालीने नवी मागवली. काम कुणाचंच अडलं नव्हतं, म्हणून ती कुणाला बोलली नाही. सणाच्या तोंडावर कशाला, असं तिच्या मनात आलं.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. सकाळी ती चहा घेत होती, तेवढ्यात डिझाइनला बसणारी करिष्मा धावत आली.

"हेमाली, काहीच सेव्ह होत नाहीये गं! सकाळपासूनचं सगळं गेलं. आणि पार्टीला आज द्यायचंय!"

हेमाली तिसऱ्या गाळ्याकडे पळाली. सर्व्हर पुसून लख्ख केलेला होता. त्याला हळदकुंकू लावलेलं, वर झेंडूचं फूल, पुढे पानावर खोबऱ्याचा तुकडा, आणि उदबत्तीचा वास. सर्व्हरवरचा एकही दिवा लागलेला नव्हता. समोर आबा हात जोडून उभा होता.

"आबा, बंद केलंस?"

"फकस्त एकच," तो कौतुकाने म्हणाला. "दोन तर चालू हाईत. चालत्या मशिनीला कुकू कसा लावायचा? आज अवजाराला इसावा असतो. आपन नांगराला बी देत व्हतो."

"आबा, दुसऱ्या गाळ्यातला कालच बंद पडलाय."

त्याचे हात तसेच जोडलेले राहिले.

"कुनाला बोललीस?"

"नाही."

एवढ्यात मालकांचा मुलगा, भाविकशेठ, दारात आला. त्याच्या कपाळावर घाम होता.

"किसने बंद किया? हेमाली, तू तर बोलली होतीस, एक गेला तरी काम थांबणार नाही."

हेमालीने तोंड उघडलं. पण सावळाराम पुढे झाला.

"बटन मी दाबला, शेठ. पोरीनं हात लावू नको म्हनून सांगितलेला. मीच ऐकला न्हाय."

"अरे चाचा, पूजाच करायची होती तर वरून फूल ठेवायचं ना!" भाविकची नजर क्षणभर त्या झेंडूवर थांबली. आवाज खाली आला. "आता पप्पांना मी काय सांगू? कुणाला तरी काढायलाच लावतील."

"सर, खरं म्हणजे…"

"तू मशीन चालू कर," आबा म्हणाला.

त्या आवाजात तो तिच्याशी कधीच बोलला नव्हता. ती वाकली. बटण दाबलं. पंखा फिरू लागला, झेंडूची पाकळी थरथरली. वर बघायचं धाडस तिला झालं नाही, आणि ओठांवर आलेलं वाक्य तिथेच राहिलं.

संध्याकाळी आबाने युनिफॉर्मचा शर्ट घडी करून केबिनमध्ये ठेवला आणि बनियनवर, खांद्यावर टॉवेल टाकून तो घरी आला. ताट पुढे घेऊन हेमाली नुसतीच बसली होती.

"जेव. एक बंद पडला तर चालता," तो म्हणाला. "तूच बोललीस ना? दोन पडले असते, मंग काय केला असता?"

तिने घास उचलला.

दसऱ्याच्या सकाळी डिस्क आली. राहिलेलं काम पुरं करायला सगळ्यांना बोलावलं होतं. दुसऱ्या गाळ्यात ती बसवताना हेमालीला खिडकीतून फाटक दिसलं. बाहेर आबा उभा होता, धुतलेला सदरा घालून, हातात आपट्याची डहाळी.

"किससे मिलना है, चाचा?" नव्या वॉचमनने विचारलं.

आबाने एकेक करून तिन्ही गाळ्यांकडे पाहिलं. हेमाली उठली. त्याला हाक मारायला तिने खिडकीचे गज धरले.

"कुनाला न्हाय," तो म्हणाला. डहाळीचं एक पान खुडून त्याने त्या माणसाच्या तळहातावर ठेवलं. "सोनं घ्या."

आणि तो हायवेच्या कडेने परत निघाला.

वॉचमनने पान उलटंसुलटं करून पाहिलं. त्याचं काय करायचं ते त्याला समजेना. शेवटी त्याने ते शर्टाच्या खिशात ठेवलं. शर्ट त्याला सैल होत होता. निळ्या बटणांच्या ओळीत अगदी खालचं एक बटण पांढरं होतं.